कॅन्सरचा उपचार आणि सरकारी योजना: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र चालवताना काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न सतत येतात, त्यातले कॅन्सरच्या उपचाराबद्दलचे इथे एकत्र केले आहेत. समोर बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "आम्ही गरीब आहो, आमचं होईल का?" उत्पन्नावरून आता फारसं कोणाचं अडत नाही. अडते ते रेशन कार्डावरच्या नावात, आणि कोणतं काम आधी करायचं यात. म्हणून खाली त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

1. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत, या दोन वेगवेगळ्या योजना आहेत का? आमच्याकडे तर राजीव गांधी योजनेचं जुनं कार्ड आहे.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली आणि 2017 मध्ये तिचंच नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आयुष्मान भारत ही केंद्राची योजना 2018 ची. महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात, दवाखान्यातला काउंटरही एकच असतो. तुम्ही कोणत्या योजनेत बसता ते तिथला आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस, कॉम्प्युटरवर पाहून सांगतो. जुनं कार्ड जपून ठेवायला हरकत नाही, पण आज काम रेशन कार्ड आणि आधारवर होतं.

2. किती उत्पन्न असलं तर योजना लागू होते? पाच एकर कोरडवाहू आहे, सातबारा नावावर आहे, मग नाकारतील का?

नाही नाकारणार. आधी पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्यांनाच योजना होती. पांढऱ्या कार्डावर फक्त शेतकरी कुटुंबांना, तेही ठरावीक 14 जिल्ह्यांत. विदर्भातून त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा होते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा पांढऱ्या कार्डवाला शेतकरी बाहेर राहायचा. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ही भानगड संपली. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारक कुटुंबांना, कार्डाचा रंग कोणताही असो, वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिन्ही त्यात येतात.

म्हणजे या योजनेसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो लागतो दुसरीकडे, प्रश्न 14 आणि 18 पाहा. त्यामुळे दवाखान्याच्या पहिल्या फेरीआधी दाखल्यासाठी आठवडा घालवू नका. हे आम्ही सांगतो, तरी लोक आधी तलाठ्याकडेच जातात.

3. नेमकं काय काय घेऊन जायचं आणि पहिले कोणाला भेटायचं?

मूळ रेशन कार्ड, रुग्णाचं आधार, आधाराला जोडलेला मोबाइल चालू स्थितीत, आणि आजवरचे सगळे रिपोर्ट. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, कागद आणि तिची स्लाइड किंवा ब्लॉक असेल तर तोही. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो छोटा तुकडा. लोकांना तो बिनकामाचा वाटतो आणि घरी राहतो. मग नवीन दवाखान्यात पुन्हा बायोप्सी करायची पाळी येते. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत घ्या.

दवाखान्यात पोचल्यावर केसपेपर काढताना आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात तो असतो. "योजनेतून उपचार करायचा आहे" हे त्याला भरतीच्या आधी सांगा. तो नोंदणी करतो, डॉक्टर उपचाराचं पॅकेज (योजनेत ठरवून दिलेला उपचार) टाकतात, मंजुरी ऑनलाइन येते आणि मग उपचार सुरू होतो. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्वतःच्या पैशाने भरती झालात आणि चार दिवसांनी योजनेचं नाव काढलंत, की भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण होतं.

झेरॉक्सचे तीन-चार संच गावातूनच करून न्या. मोठ्या दवाखान्याबाहेर झेरॉक्सची रांग ओपीडीच्या रांगेएवढी असते.

4. आयुष्मान कार्ड निघालं नाही. आता उपचार अडेल का?

सहसा नाही. महात्मा फुले योजनेचा उपचार रेशन कार्ड आणि फोटो असलेल्या ओळखपत्रावर होतो. तरी कार्ड काढून ठेवा, दवाखान्यातली नोंदणी सोपी होते. कार्ड घरातल्या प्रत्येकाचं वेगळं निघतं, लहान मुलांचंसुद्धा. आशाताईंकडे, सेवा केंद्रावर किंवा योजनेच्या दवाखान्यातच निघतं. त्याचे पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका.

5. "तुमचं रेशन कार्ड ऑनलाइन नाही" असं सांगून परत पाठवलं. म्हणजे काय? धान्य तर दर महिन्याला मिळते.

रेशन कार्डाला 12 अंकी ऑनलाइन नंबर असतो आणि योजनेचा कॉम्प्युटर तोच शोधतो. हातातल्या जुन्या कार्डावर फक्त दुकानाचा नंबर आणि पेनाने लिहिलेला अनुक्रमांक असेल, तर तो नंबर हा नव्हे. ज्यांना धान्य मिळतं त्यांचं कार्ड बहुतेक वेळा ऑनलाइन असतंच, फक्त नंबर ठाऊक नसतो. स्वस्त धान्य दुकानदाराच्या ई-पॉस मशीनच्या पावतीवर तो सापडेल.

खरी अडचण पांढऱ्या कार्डाची, आणि धान्य न मिळणाऱ्या केशरी कार्डाची. यातली बरीच कार्डं कधी ऑनलाइन चढलीच नाहीत. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा विभागात घरातल्या सगळ्यांचे आधार घेऊन अर्ज करावा लागतो. अर्जाला डॉक्टरांच्या चिठ्ठीची किंवा बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स जोडा आणि वर ठळक लिहा: "वैद्यकीय कारणासाठी तातडीने". पुरवठा निरीक्षकाला प्रत्यक्ष भेटा. नुसता अर्ज टाकून आलं तर तो ढिगात जातो. रिपोर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काम लवकर होतं, हा आमचा अनुभव.

6. सुनेचं नाव आमच्या कार्डावर चढवलंच नाही. तिला आता स्तनाची गाठ निघाली. तिचं होते का?

होतं, पण नाव कुठल्यातरी एका कार्डावर हवं. माहेरच्या कार्डावर अजून असेल तर घाईच्या वेळी त्याच कार्डावर नोंदणी करता येते का, ते आरोग्यमित्राला आधी विचारा. तोवर सासरच्या कार्डात नाव चढवायचं काम सुरू करा: माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, आधार. माहेर आणि सासर दोन जिल्ह्यांत असेल तर माहेरच्या कामाला घरातल्या कोणालातरी तिकडे धाडा, फोनवर ते हलत नाही.

सून बालाघाट, छिंदवाडा किंवा राजनांदगावकडची असेल तर आधारावरचा पत्ताही पाहा. गोंदिया, भंडाऱ्यात हे नेहमीचं आहे. आधार मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचं आणि रेशन कार्ड महाराष्ट्राचं, असं असलं की नोंदणी अडकते. पत्ता आधी बदलून घ्या.

लहान मूल कार्डावर नसेल तर त्याचा जन्मदाखला, आई-वडिलांचं रेशन कार्ड आणि पालकासोबतचा फोटो घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

7. आधारवर "शेवंताबाई", रेशन कार्डावर "सेवंता". चालेल का?

एवढा फरक बहुधा चालून जातो. कार्ड काढताना कॉम्प्युटर दोन्हीकडचं नाव ताडून गुण देतो. गुण पुरेसे असले की अर्ज आपोआप पुढे सरकतो, कमी पडले की माणसाकडे पडताळणीला जातो आणि वेळ लागतो. पण रेशनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, किंवा वयात दहा-बारा वर्षांचा फरक, असं असेल तर दुरुस्तीशिवाय इलाज नाही. जुन्या बायांच्या आधारवर जन्मतारीख सरसकट 1 जानेवारी टाकलेली असते. ते चालतं, वर्ष मात्र जुळायला हवं.

कोणता कागद दुरुस्त करायचा? ज्याच्यावरचं नाव बाकीच्या कागदांपेक्षा वेगळं आहे तो. बँकेत, मतदार यादीत आणि आधारवर शेवंताबाई असेल तर आधारला हात लावू नका, रेशन कार्ड बदला. घाईत आधार बदलून मग बँकेचं खातं अडकल्याची प्रकरणं आमच्याकडे येत असतात.

8. रेशन कार्डच नाही. पाल ठोकून राहतो, मजुरीसाठी फिरतो.

2023 च्या निर्णयात रेशन कार्ड नसलेल्या, पण राज्याचं अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांनाही धरलं आहे. दोन्ही नसेल तर तहसीलमध्ये नवीन कार्डाचा अर्ज करा. सरपंचाचं किंवा पोलीस पाटलाचं पत्र उपयोगी पडतं. कोलाम आणि माडिया कुटुंबांना अंत्योदय कार्ड मिळण्याची तरतूद आहे, तेव्हा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयालाही सांगा. आश्रमशाळेतली मुलं, अनाथालयात किंवा वृद्धाश्रमात राहणारे लोक यांच्यासाठी योजनेत वेगळा गट आहे. त्या संस्थेमार्फत जावं.

तातडीची भरती असेल तर कागदासाठी थांबू नका. फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे, कागद नंतर द्यायचे असतात. किती दिवसांत द्यायचे ते आरोग्यमित्राकडून त्याच दिवशी लिहून घ्या.

9. विदर्भात कोणत्या दवाखान्यात जावं? की सरळ टाटालाच नेऊ?

नागपुरात मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी मेघे. वऱ्हाडातल्या लोकांना अकोल्याचं संत तुकाराम रुग्णालय जवळ पडतं. निघण्याआधी 155388 किंवा 1800 233 2200 या टोल फ्री नंबरवर दोन गोष्टी विचारा: दवाखाना आज योजनेत आहे का, आणि तुमच्या उपचारासाठी आहे का. एखादा दवाखाना शस्त्रक्रियेसाठी योजनेत असतो, पण रेडिएशनसाठी दुसरीकडे पाठवतो.

मुंबईला टाटामध्ये जायचं तर जा, पण रेडिएशन पाच-सहा आठवडे चालू शकतं. तेवढे दिवस दोन माणसांनी परळ-दादरला राहायचं, तूर काढणीच्या दिवसांत घर वाऱ्यावर सोडायचं, याचा हिशोब आधी करा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते, पण खोली लगेच मिळेल असं धरून चालू नये. आमचं मत विचाराल तर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी नागपूर-वर्धा पुरेसं आहे. तिथल्या डॉक्टरांनीच मुंबईला पाठवलं तर गोष्ट वेगळी.

10. तोंड उघडत नाही, गालात चट्टा आहे. कॅन्सर आहे की नाही तेच माहीत नाही. तपासणी फुकट होते का?

खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्या पोरांच्या घरून येणारा हा प्रश्न आता फार वाढला आहे. योजना रोगनिदान झाल्यावरच्या उपचारासाठी आहे. त्याआधीच्या सगळ्या तपासण्या तिच्यात बसतीलच असं नाही, म्हणून सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. 30 वर्षांवरच्यांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पोरगा तिशीच्या आतला असला तरी चट्टा दिसतो म्हटल्यावर दाखवाच. तिथून जिल्हा सामान्य रुग्णालयात चिठ्ठी घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे नागपूरचं मेडिकल किंवा यवतमाळचं, या निर्णयात येत नाहीत. तिथे फी लागते, पण खासगीच्या मानाने खूप कमी.

11. दवाखान्यातले म्हणतात, "पहिले पैसे भरा, मंजुरी आली की वापस करू." भरावे का?

भरू नका. मंजूर झालेल्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, औषधं, खाट आणि रुग्णाचं जेवण धरलेलं असतं. त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. आरोग्यमित्राला सांगा, तिथूनच 155388 ला फोन लावा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. अगदीच भरावे लागले तर दवाखान्याच्या नावाची छापील पावती घ्या. कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिलेला असतो, तो घेऊन योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे गेलं तर काही सिद्ध होत नाही.

12. मंजुरीला किती वेळ लागतो? दर केमोला नवीन मंजुरी लागते का?

कागद पूर्ण असतील तर साधारण 24 तास. "शंका" काढून परत आलं तर जास्त, आणि बहुतेक शंका अपुऱ्या रिपोर्टच्या असतात. हो, केमोच्या प्रत्येक फेरीची मंजुरी वेगळी होते. म्हणून फेरीच्या तारखेआधी आरोग्यमित्राला फोन करून जा, आणि मूळ रेशन कार्ड दर वेळी सोबत ठेवा. काही जिल्हा रुग्णालयांत दिवसभराची केमो मिळते. पहिली फेरी नागपूरला झाल्यावर पुढच्या तिथे देता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. येण्याजाण्याचा त्रास निम्म्याने वाचतो.

13. 5 लाख एकट्या रुग्णाला की घरच्या सगळ्यांना?

सगळ्या कुटुंबाला मिळून, दर वर्षाला. बापाच्या बायपासला त्यातले पैसे गेले असतील तर आईच्या कॅन्सरला उरलेले. किती उरले ते आरोग्यमित्र पाहून सांगतो.

सत्तरीच्या वरच्यांचं वेगळं आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर म्हाताऱ्या माणसांसाठी जादा 5 लाखांपर्यंतची सोय होते. वय आधारवरूनच धरतात, म्हणून प्रश्न 7 मधली वर्षाची भानगड इथे महत्त्वाची ठरते.

14. पैसे संपले, किंवा डॉक्टर म्हणतात हे औषध योजनेत नाही. मग?

आधी डॉक्टरांना विचारा, पॅकेजमध्ये बसणारं दुसरं औषध चालेल का. काही नवीन, महागडी औषधं योजनेत नाहीत हे खरं, पण दर वेळी तेच एक औषध लागतं असंही नाही. त्यानंतरचे रस्ते असे:

मुख्यमंत्री सहायता निधी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत हवं, आणि इथे तहसीलदाराचा दाखला लागतो. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशन कार्ड, रिपोर्ट आणि दवाखान्यातल्या रुग्णाचा जिओ टॅग फोटो (ज्यावर जागेची नोंद येते असा) जोडायचा. पैसे रुग्णाच्या हातात येत नाहीत, दवाखान्याच्या खात्यात जातात. सुट्टी झाल्यावर झालेल्या खर्चासाठी अर्ज चालत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता कक्ष आहेत, मुंबईला जायची गरज नाही.

धर्मादाय रुग्णालय. विश्वस्त संस्थेच्या मोठ्या दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकासाठी 3 लाख 60 हजार. दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा आणि "निर्धन रुग्ण निधी" हेच शब्द वापरा.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी केंद्राचा आरोग्यमंत्री कर्करोग रुग्ण निधी आहे. तो प्रादेशिक कॅन्सर केंद्रांतून मिळतो आणि विदर्भात असं केंद्र नागपूरचं तुकडोजी रुग्णालय आहे. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये जो उपचार नाही, त्यासाठी तिथे विचारा.

जिल्हा परिषदेच्या सेस फंडातूनही दुर्धर आजारासाठी थोडी मदत मिळते. रक्कम लहान असते, निधी लवकर संपतो, तेव्हा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच टाका.

15. मी नोंदणीकृत बांधकाम कामगार आहे. मला वेगळं काही मिळते का?

नोंदणी चालू असेल तर बांधकाम कामगार मंडळाकडून गंभीर आजाराच्या उपचारासाठी 1 लाख रुपयांपर्यंत मदत आहे. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करा. मंडळाच्या साहित्याच्या पेट्यांसाठी नोंदणी केलेले पुष्कळ जण पुढे नूतनीकरण विसरतात.

16. सिरोंचावरून हैदराबाद जवळ पडते. आमचं कार्ड तिकडे चालेल का?

तुम्ही मूळ आयुष्मान भारतच्या यादीतले असाल, म्हणजे 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून निवडलेलं कुटुंब, तर इतर राज्यांतल्या आयुष्मान दवाखान्यातही कार्ड चालतं. फक्त महात्मा फुले योजनेत बसत असाल तर ते राज्यापुरतंच धरून चाला. मेळघाटातून बऱ्हाणपूर किंवा बैतुलकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू. आपण कोणत्या यादीत आहोत ते 14555 वर विचारता येतं. राज्याच्या आत मात्र कुठल्याही जिल्ह्याचं रेशन कार्ड कुठेही चालतं. पुण्यात कामाला असलेल्या पोराला गावच्या कार्डावर पुण्यात उपचार मिळतो.

17. एसटी आणि रेल्वेत सवलत आहे का?

आहे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याने भरून दिलेला ठरावीक नमुन्यातला फॉर्म तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. विदर्भ एक्सप्रेसला जागा मिळणं हा वेगळा विषय. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, प्रमाणपत्र डेपोत दाखवून विचारा. बाईमाणसाला तशीही अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहेच.

18. कमावता माणूसच आजारी आहे. घर कसं चालवू?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराचे 65 वर्षांखालचे रुग्ण बसतात. महिन्याला 1,500 रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. हा आकडा वाचून लोक हसतात, हसण्यासारखाच आहे, पण नियम तोच आहे. अर्ज तहसीलमध्ये करायचा. उपचार सुरू झाला की लगेच टाका, मंजुरी समितीच्या बैठकीवर अवलंबून असते.

19. मंजुरी नाकारली. आता काय?

कारण लेखी मागा. "योजनेत होत नाही" एवढ्यावर उठू नका. कारण साधारण तीन प्रकारचं असतं. कागद अपुरा असेल तर पूर्ण करून तेच प्रकरण पुन्हा पाठवता येतं, आणि ते दवाखान्यानेच पाठवायचं असतं. तो उपचार त्या दवाखान्याच्या यादीत नसेल तर तो दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात होतो ते 155388 वर विचारा आणि चिठ्ठी घेऊन तिकडे जा. पॅकेजच नसेल तर प्रश्न 14. कारण पटलं नाही तर जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहायला विसरू नका. तो आरोग्यमित्राने दिलेल्या नोंदणीच्या कागदावर असतो.